न्यू जर्सीच्या अंगणात ऑक्टोबरची लाली

पानं लाल होताना बघून नर्सरीत गेलं, की सगळ्यात आधी नजरेत भरतं ते बर्निंग बुश. ते घेऊ नका. पूर्व आशियातून आलेलं हे झुडूप पक्ष्यांच्या विष्ठेतून रानात पसरतं आणि तिथल्या मूळच्या झाडांना हुसकावतं. मॅसॅच्युसेट्स आणि न्यू हॅम्पशायरमध्ये तर त्याच्या विक्रीवर बंदीच आहे.

त्याच्या तोडीची लाली हायबुश ब्लूबेरी देते, वर उन्हाळ्यात फळं. आणि ती इथलीच. शेतकरी एलिझाबेथ व्हाइट आणि वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रेडरिक कोव्हिल यांनी दक्षिण न्यू जर्सीतल्या पाइन बॅरन्स या पाइनच्या रानातली रानटी झुडपं निवडून वाढवली आणि १९१६ साली तिथल्याच व्हाइट्सबॉग गावाहून लागवडीच्या ब्लूबेरीचं पहिलं पीक बाजारात गेलं. तिथली माती रेताड आणि आम्लधर्मी. ब्लूबेरीचं सगळं गणित त्या मातीत आहे.

म्हणून आधी माती तपासून घ्या. रटगर्स विद्यापीठाची प्रयोगशाळा हे काम करते. सामू (पीएच, म्हणजे मातीच्या आम्लतेचं माप; जितका कमी तितकी माती आम्लधर्मी) ४.५ ते ५ च्या आसपास हवा. तो ५.५ वरून ४.५ वर आणायला १०० चौरस फुटांना रेताड मातीत ०.८ पौंड आणि पोयट्याच्या मातीत सुमारे २.४ पौंड गंधकाची पूड लागते. गंधकाचं आम्ल मातीतले जिवाणू करतात, त्याला काही महिने जातात आणि थंडीत ते काम जवळजवळ थांबतं. तेव्हा गंधक वसंतात मिसळा, रोप सप्टेंबरअखेर लावा. चहाचा चोथा कितीही टाकला तरी सामू उतरत नाही.

खणण्यापूर्वी ८११ ला फोन करून जमिनीखालच्या गॅस-विजेच्या वाहिन्यांच्या खुणा करून घ्या. ही सेवा मोफत आहे. खड्डा मुळांच्या गड्ड्याच्या दुप्पट-तिप्पट रुंद, पण खोली गड्ड्याएवढीच. खोल लावलेलं झुडूप गुदमरतं. कुंडीत गोल फिरलेली मुळं सुरीने उभी चिरा, नाहीतर ती पुढेही गोलच फिरत राहतात. दोन रोपांत पाच फूट अंतर. वर तीन इंच पाइनच्या सालीचं आच्छादन, खोडापासून थोडं लांब. जमीन गोठेपर्यंत आठवड्याला एक इंच पाणी, पाऊस धरून. हरणांना ब्लूबेरी फार आवडते, पहिल्याच दिवशी जाळी लावा.

आता रंगाचं. पिवळा रंग पानात आधीपासून असतो, हिरवा ओसरला की दिसतो. लाल मात्र शरदात नव्याने बनतो, पानातल्या साखरेपासून, आणि त्याला ऊन लागतं. दिवसाला सहा तासांपेक्षा कमी ऊन मिळालं तर पानं फिकट गुलाबी किंवा पिवळट राहतात. जुलैनंतर नत्र दिलं किंवा ऑगस्टमध्ये छाटलं, तर कोवळी हिरवी फूट येते आणि पहिल्या कडक थंडीत काळी पडते. खत वसंतात, अमोनियम सल्फेटच्या रूपात, छाटणी फेब्रुवारी-मार्चमध्ये. जूनमध्ये शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा दिसला, तर बहुतेक वेळा सामू चढलेला असतो. मातीत लोह असूनही मुळांना ते घेता येत नाही.

पाणी साचणाऱ्या कोपऱ्यात ब्लूबेरीची मुळं कुजतात. तिथे इटिया या झुडपाची 'हेन्रीज गार्नेट' ही जात लावा: तीन-चार फूट उंच, थोडी सावलीही चालते, पण धुमारे फुटून पसरते. एकाच झुडपावर पिवळा, केशरी, लाल असे तिन्ही रंग हवे असतील तर फॉदरगिला या झुडपाची 'माउंट एअरी' ही जात. तिची फुलं जुन्या फांदीवर येतात, म्हणून छाटणी फुलं संपल्यावरच.

कुंपणाला तीन-तीन पानांचा लाल वेल दिसला तर हात लावू नका. तो पॉयझन आयव्ही, आपल्या बिब्ब्याच्या आणि आंब्याच्या कुळातला. त्याच्या चिकानेही बिब्बा उतल्यासारखे फोड येतात. हातमोजे घालून मुळासकट काढा, कचऱ्याच्या पिशवीत बांधून टाका. जाळू मात्र नका, धूर फुप्फुसात गेला तर आतूनही सूज येते.