कामासाठी फॅमिली रिसॉर्टमध्ये उतरताय? या चुका टाळा

नागपूर सोडून विदर्भात आत शिरलं की कामासाठी फिरणाऱ्यांपुढे पहिला प्रश्न येतो तो मुक्कामाचा. काम वणी-घुग्घुसच्या कोळसा खाणीवर असेल, गडचांदूरकडच्या सिमेंट कारखान्यात असेल, हिंगणघाटच्या जिनिंगमध्ये, वरुड-मोर्शीच्या संत्रा व्यापाऱ्याकडे किंवा गोंदियाच्या राइस मिलमध्ये. साहेब लोकांसाठीचं हॉटेल तिथून लांब असतं आणि तालुक्याच्या लॉजवर राहायची इच्छा नसते. मग ॲपवर चांगलं दिसतं ते एखादं फॅमिली रिसॉर्ट. मोहर्ली-कोलारा, सिल्लारी, उमरेड-कऱ्हांडला, चिखलदरा या भागांत अशी रिसॉर्ट आता भरपूर झाली आहेत. लॉन, स्विमिंग पूल, मुलांचे झोपाळे, झाडीतली कॉटेजेस. जागा खरंच छान असतात.

तरीही कामासाठी आलेला पाहुणा तिथून वैतागून निघतो, असं वारंवार दिसतं. रिसॉर्टचा दिवस सुट्टीवर आलेल्या कुटुंबाच्या घड्याळाप्रमाणे चालतो: पहाटे सफारी, दुपारी झोप, संध्याकाळी पूल, रात्री निवांत जेवण. तुमचा दिवस नेमका उलटा असतो. हा फरक आधी बोलून घेतला, तर बहुतेक अडचणी यायच्या आधीच सुटतात.

कामासाठी येतोय हे न सांगणं

सगळ्यात मोठी चूक हीच, आणि बाकीच्या बऱ्याच चुका हिच्यातूनच निघतात. ॲपवरून बुकिंग केलं की रिसॉर्टला फक्त नाव, तारीख आणि किती माणसं एवढंच कळतं. मग ते तुम्हाला त्यांच्या दृष्टीने उत्तम खोली देतात, म्हणजे स्विमिंग पूलसमोरची किंवा लॉनला लागून असलेली. तिथे रात्री साडेनऊपर्यंत मुलांचा दंगा असतो. तो असणारच, मुलं त्यासाठीच आलेली असतात.

बुकिंग झाल्यावर थेट रिसॉर्टवर फोन करा. नागपूर-पुण्याच्या बुकिंग ऑफिसला नव्हे, कारण तिथल्या माणसाला कोणत्या कॉटेजचा गिझर बिघडलाय हे माहीत नसतं. दुपारी चारच्या सुमाराला मॅनेजर जरा मोकळा असतो. त्याला सांगा: कामासाठी येतोय, खोली स्विमिंग पूल आणि लॉनपासून लांबची द्या, टेबल-खुर्ची लागेल, सकाळी अमुक वाजता निघायचं आहे. ‘होऊन जाते सर’ एवढ्यावर फोन ठेवू नका. कोण करेल आणि किती वाजता, हे विचारून घ्या आणि तेच व्हॉट्सॲपवर लिहून पाठवा. संध्याकाळी ड्युटी बदलते. रात्रीच्या माणसाला तुमचं दुपारचं बोलणं ठाऊक नसतं, पण मेसेज दाखवता येतो.

टेबलाची हमी नसतेच. कॉटेजमध्ये बहुधा वेताची बुटकी खुर्ची आणि टीपॉय असतो. डायनिंग हॉलमधली एक खुर्ची आणि लहान टेबल खोलीत आणून द्यायला कोणी नाही म्हणत नाही, फक्त ते आल्या आल्या मागा. एक एक्स्टेन्शन बोर्ड बॅगेत ठेवा. प्लग पॉइंट पलंगामागे किंवा थेट टीव्हीखाली असतो.

नाश्ता साडेसातला मिळेल असं धरून चालणं

जंगलाजवळच्या रिसॉर्टमध्ये ही तक्रार सर्रास होते. सफारीची मंडळी पहाटे चहा-बिस्किटं घेऊन निघतात, काहींना पॅक नाश्ता दिला जातो. जिप्सी परत येतात दहाच्या सुमाराला, आणि बुफे त्यांच्यासाठी लागतो. म्हणजे तुम्ही साडेसातला तयार होऊन हॉलमध्ये जाता तेव्हा पहाटेची गडबड संपलेली असते आणि दहाची सुरू झालेली नसते. कुकही तेव्हाच जरा टेकलेला असतो. त्याच्यावर आवाज चढवून काही मिळत नाही.

सोपा मार्ग असा की आदल्या रात्री जेवतानाच पॅक नाश्ता सांगून ठेवायचा. सफारीवाल्यांसाठी तो बनतोच, त्यात तुमचा एक डबा वाढतो. किंवा पैशांच्या हिशेबातून नाश्ता काढून घ्या आणि वाटेतल्या गावात तर्री-पोहे खा. सकाळी सात-साडेसातला विदर्भातल्या कोणत्याही बऱ्याशा चौकात पोह्यांची गाडी लागलेली असते, आणि बुफेतल्या थंड सँडविचपेक्षा ते केव्हाही चांगले. रात्रीच्या जेवणाचंही तसंच. कारखान्यातून परतायला साडेदहा वाजणार असतील तर संध्याकाळीच कळवा. ताट झाकून ठेवतील. रोजच्या पनीरऐवजी झुणका-भाकर, वांग्याचं भरीत किंवा पाटोडी रस्सा होईल का, हेही विचारा. किचनमध्ये काम करणारी माणसं बहुधा शेजारच्या गावातली असतात, आणि हे पदार्थ त्यांच्या हातचे असतात.

‘वायफाय आहे’ यावर विश्वास ठेवणं, आणि मग नेटवर्क शोधत बाहेर पडणं

वायफाय असतंच, पण बऱ्याचदा फक्त रिसेप्शनपाशी. म्हणून ‘वायफाय आहे का’ एवढंच विचारू नका. मॅनेजरला विनंती करा, की माझ्यासाठी ठरवलेल्या खोलीत जाऊन मला एक व्हिडिओ कॉल लावा. दोन मिनिटांत सगळं समजतं: वायफाय पोहोचतं का, मोबाइलला रेंज आहे का, आणि खोलीत लिहिता-वाचता येईल एवढा उजेड आहे का. तिथे कोणत्या कंपनीचं सिम चालतं हेही विचारून ठेवा. आपल्याकडे ते नसेल तर सहकाऱ्याच्या हॉटस्पॉटची सोय करा. सादरीकरण, नकाशे, तिकिटं नागपूर किंवा चंद्रपूर सोडण्याआधीच उतरवून घ्या. महत्त्वाची मीटिंग असेल आणि वायफाय दगा देत असेल, तर ताटकळत बसू नका, गाडी काढून तालुक्याच्या गावी जा. तिथे रस्त्याकडेला गाडीत बसूनही मीटिंग नीट पार पडते.

पण अंधार पडल्यावर रेंज शोधत फाटकाबाहेर पायी जाऊ नका. यावर मी आग्रहीच आहे. चंद्रपूर जिल्ह्यात वाघ फक्त ताडोबाच्या गाभ्यात नाहीत. ते बफरमध्ये, म्हणजे गाभ्याभोवतीच्या पट्ट्यात आहेत, ब्रह्मपुरी वनविभागात आहेत, शेतशिवारात आहेत. दरवर्षी माणसांचे जीव जातात. त्यात बहुतेक शेतकरी, गुराखी, मोहफुलं किंवा तेंदूपत्ता वेचायला गेलेली गावकरी मंडळी असतात, ज्यांना जाण्यावाचून गत्यंतर नसतं. आपल्याला तर आहे. जेवणानंतर फोनवर बोलत बोलत रस्त्यावर शतपावली ही शहरातली सवय आहे. वॉचमन ‘सर, इकडे नका जाऊ’ म्हणाला तर तो तुम्हाला अडवत नाही, वाचवतोय. बिबटे आणि अस्वलं मेळघाटापासून नागझिऱ्यापर्यंत सगळीकडे आहेत, सापही आहेत, त्यामुळे आवाराच्या आत चालतानासुद्धा हातात टॉर्च असू द्या. जंगलातून जाणाऱ्या काही रस्त्यांवर रात्री वाहतूक बंद असते. उशिरा पोहोचणार असाल तर कोणत्या रस्त्याने यायचं हे रिसॉर्टलाच विचारा, नकाशाच्या ॲपला नको.

लग्नाची तारीख न विचारणं

आठवड्याच्या मधल्या दिवशी शांतता असेल असं वाटतं. पण लग्नाचा मुहूर्त वार बघून येत नाही, आणि रिसॉर्टची लॉन हा त्यांच्या उत्पन्नाचा मोठा भाग असतो. बुधवारी रात्री हळद, गुरुवारी लग्न, आणि तुम्ही मधल्या कॉटेजमध्ये ऑडिटचे आकडे जुळवताय, असं होऊ शकतं. रात्री १० ते सकाळी ६ लाउडस्पीकरला कायद्याने बंदी आहे, पण दहापर्यंत तर काही करता येत नाही. तेव्हा ‘त्या तारखांना लग्न किंवा साखरपुडा आहे का’ हा प्रश्न फोनवर सरळ विचारा. असेल तर तारीख बदला किंवा दुसरीकडे राहा. त्या दिवशी किचन, पार्किंग, गरम पाणी सगळ्यावरच ताण येतो.

उन्हाळा हलक्यात घेणं

मे महिन्यात चंद्रपूर, ब्रह्मपुरी भागात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. व्होल्टेज कमी असलं की एसीचा कॉम्प्रेसर सुरूच होत नाही, आणि लाइट गेल्यावर जनरेटरवर बहुधा दिवे-पंखेच चालतात. जनरेटरवर एसी चालतो का, हे आधी विचारा. कूलरची खोली मिळाली तर नाक मुरडू नका. कोरड्या उन्हाळ्यात कूलर उत्तम काम करतो, फक्त समोरची खिडकी थोडी उघडी हवी. खोली बंद करून बसलात की दमट होते, आणि मग कूलर खराब आहे अशी तक्रार होते. पावसाळ्यात मात्र कूलरचा उपयोग नाही, तेव्हा एसीचीच खोली घ्या. दुपारी नळाला चटके बसतील असं पाणी येतं, कारण टाकी उन्हात असते. सकाळीच बादली भरून ठेवली की दुपारची आंघोळ सुखाची होते.

क्लायंटला जेवायला बोलावताना जिल्हा विसरणं

वर्धा जिल्ह्यात १९७५ पासून आणि गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. चंद्रपूरची बंदी २०१५ साली आली आणि २०२१ मध्ये उठली. नागपूरहून बाटली सोबत नेऊन वर्ध्याच्या रिसॉर्टवर पार्टी करायचा बेत आखू नका. तो गुन्हा आहे, आणि अडचणीत रिसॉर्टचा पोरगाही येतो ज्याने ग्लास आणून दिले. गडचिरोलीत तर ही बंदी लोकांनी, विशेषतः बायकांनी, लढून मिळवली आहे. तिचा मान ठेवा.

मशीन बसवायला परदेशी इंजिनिअर येणार असेल तर आणखी एक गोष्ट. परदेशी पाहुण्याची माहिती राहण्याच्या जागेने २४ तासांत सरकारला कळवायची असते. सगळ्याच लहान रिसॉर्टना आणि होमस्टेना याची सवय नसते, आणि काही जण दारातूनच नकार देतात. आधी विचारा आणि पासपोर्ट-व्हिसाच्या प्रती तयार ठेवा.

ड्रायव्हरची सोय न पाहणं

आपल्याला कॉटेज, आणि ज्याच्या हातात आपला जीव त्याला गाडीची सीट, हे चित्र अजूनही सर्रास दिसतं. उन्हाळ्याच्या रात्री काचा खाली केल्या तर डास, वर केल्या तर गुदमरणं. हाच माणूस सकाळी तुम्हाला जंगलातल्या दुपदरी रस्त्यावरून किंवा समृद्धी महामार्गावरून घेऊन जाणार असतो. न झोपलेल्या ड्रायव्हरबरोबर समृद्धीवर १२० च्या वेगाने जाणं मला मान्य नाही, कोणालाच नसावं.

बुकिंग करतानाच विचारा: ड्रायव्हर रूम आहे का, तिथे पंखा, बाथरूम, पिण्याचं पाणी आहे का, त्याचं जेवण कुठे आणि किती रुपयांत? खोली नसेल तर जवळच्या गावात सोय करा आणि तो खर्च कंपनीच्या हिशेबात दाखवा. आल्यावर स्वतः जाऊन ती खोली एकदा बघा. आठ गाद्या आणि एक पंखा असं दिसलं तर मॅनेजरशी बोला. तुम्ही बोललात तर फरक पडतो, तो बोलला तर पडत नाही.

कुटुंबाला सोबत आणून कॉटेजमध्ये अडकवणं

‘रिसॉर्टच आहे, तर तुम्हीही चला’ हा विचार चांगला आहे. पण तुमची गाडी दिवसभर कारखान्यावर उभी असते आणि घरची मंडळी आवारात बसून राहतात. आसपास रिक्षा नसते. त्यांच्यासाठी एक दिवस तरी वेगळी गाडी ठरवा. ताडोब्याचा गाभा मंगळवारी बंद असतो, पावसाळ्यातही बंद असतो. सफारीचं बुकिंग आधी ऑनलाइन करावं लागतं आणि फाटकावर मूळ ओळखपत्र दाखवावं लागतं. सोमवार-मंगळवारची मीटिंग धरून कुटुंबाला नेलं आणि मंगळवारीच जंगल बघायचं ठरवलं, तर मुलांची समजूत घालणं कठीण जातं.

इतर कुटुंबांचाही विचार हवा. डायनिंग हॉलमध्ये स्पीकरवर मीटिंग घेऊ नका. सुट्टीवर आलेल्या माणसाला तुमच्या टार्गेटचे आकडे ऐकायचे नसतात.

दर आणि बिल शेवटच्या सकाळवर सोडणं

रिसॉर्टचा दर बहुधा जोडप्याचा आणि तिन्ही जेवणांसह असतो. हॉटेलवाल्यांच्या भाषेत एपी. तुम्ही एकटे, दुपारी कारखान्याच्या कँटीनमध्ये जेवणारे. तेव्हा एकट्याचा दर आणि सीपी, म्हणजे खोली व नाश्ता, किंवा एमएपी, म्हणजे नाश्ता व एक जेवण, मागा. आठवड्याच्या मधल्या दिवसांत खोल्या रिकाम्या असतात, त्यामुळे मॅनेजर बहुधा तयार होतो. चेक-इनची वेळही तेव्हाच ठरवा. लॉजसारखा चोवीस तासांचा हिशेब इथे नसतो, दुपारी खोली मिळते आणि सकाळी दहा-अकराला सोडावी लागते. पहाटेच्या गाडीने येणार असाल तर हे कळवलेलं बरं.

२२ सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंत भाडं असलेल्या खोलीवर ५ टक्के जीएसटी आहे, त्यापुढे १८ टक्के. कंपनीचं नाव, पत्ता आणि जीएसटी क्रमांक चेक-इनच्या वेळीच लिहून द्या, कारण एकदा वैयक्तिक नावाने बिल निघालं की बदलून घेताना महिना जातो. कंपनीची जीएसटी नोंदणी फक्त हैदराबाद किंवा रायपूरची असेल, तर महाराष्ट्रातल्या खोलीवर लागलेल्या कराचं क्रेडिट, म्हणजे वजावट, तिला मिळत नाही. हिशेब खात्याला हे आधीच सांगून ठेवा. ॲपवर पैसे भरले असतील तर बिल ॲप देणार की रिसॉर्ट, हे पहिल्याच दिवशी विचारा. आणि पैसे आदल्या रात्रीच चुकते करा. सकाळी रेंज नसली की यूपीआय अडतं, कार्डाचं मशीन फिरत राहतं, आणि तुमची नागपूरची गाडी निघून जाते.