एंडोस्कोपिक डीसीआर शिकायची असेल तर

सांगली-मिरजेत ईएनटीला नवीन लागलेली पोरं ऑपरेशनच्या लिस्टवर डीसीआर (डोळ्याच्या पाण्याला नाकात उतरायची नवी वाट काढणं) दिसली की आधी विचारतात, ड्रिल हातात मिळणार का? मिळेल. पण त्याआधी चार दिवस डोळ्यांच्या ओपीडीत बसा.

जत-आटपाडीकडच्या मावशी मोतीबिंदूसाठी येतात. डोळ्यातून पाणी येतं हे त्या सांगतही नाहीत, पदराने टिपायची सवय झालेली असते. आतल्या कोपऱ्यावर, नाकालगत बोट दाबलं की पापणीच्या बारीक छिद्रातून पू वर येतो. अशा डोळ्याचा मोतीबिंदू आधी काढत नाहीत. जंतू आत गेले तर नजर जायची भीती. मग चिठ्ठी आपल्याकडे. ‘दुखणं डोळ्याचं आन् आपरेशन नाकातनं का ओ?’ हा प्रश्न ठरलेला. डोळ्याचं पाणी मुळात नाकातच उतरतं, ती वाट बुजलीय, आम्ही वरून दुसरी काढतो, असं सांगा. चेहऱ्यावर टाका नाही म्हटलं की निम्मी भीती जाते.

सिरिंजिंग, म्हणजे अश्रूंच्या वाटेत सलाइन सोडून बघणं, स्वतः करा. खालच्या पंक्टममधून (पापणीच्या त्या छिद्रातून) सोडलेलं सलाइन वरच्यातून पूसकट परत आलं, तर अडथळा अश्रूंच्या पिशवीच्या पुढे; ही आपली केस. त्याच छिद्रातून परत आलं तर कॅनॅलिक्युलसच (छिद्रापासून पिशवीपर्यंतची बारीक नळी) बंद आहे, तिथे नुसत्या डीसीआरने भागत नाही.

नाकातून जायची कल्पना काल्डवेल या सर्जनने १८९३ मध्येच मांडली होती, पण आत नीट दिसायचंच नाही. दुर्बिणीने ही शस्त्रक्रिया मॅकडोनॉ आणि मायरिंग यांनी १९८९ मध्ये मांडली. पण रक्त आलं की दुर्बिणीतूनही दिसत नाही, म्हणून रक्त आवरणं हे निम्मं काम: अ‍ॅड्रिनलिनच्या पट्ट्या पुरेसा वेळ ठेवा, टेबलाची डोक्याकडची बाजू थोडी उचला.

आता खरी गोम. मिडल टर्बिनेट (नाकातला हाडाचा मधला वळलेला पडदा) नाकाच्या बाजूच्या भिंतीला जिथे चिकटतो, त्याच्या वर पिशवी सरासरी ८-९ मिमी जाते. पिशवीवरचं खालचं हाड केरिसन पंचने (हाड कुरतडायचं हत्यार) भराभर निघतं. वर ते जाड होतं, पंच पकडत नाही, आणि नवखा माणूस नेमका तिथेच थांबतो. ड्रिल त्यासाठी आहे. वरचं हाड राहिलं की पिशवी अर्धीच उघडते, आणि पेशंट पुन्हा डोळा पुसत येतो. पंक्टममधून प्रोब (बारीक सळई) आत घालून पिशवीची भिंत तंबूसारखी उचलली जाते का बघा, मगच सिकल नाइफने (विळ्यासारख्या बारीक सुरीने) उभा छेद द्या.

फॉलोअपला नाकातल्या खपल्या काढायच्याच असतात. तारीख देताना ऊसतोड, पेरणी आणि गावची एसटी विचारून घ्या.