लहान घर, कमी बजेट: डिझाइनच्या विद्यार्थ्यांनो, सजवताना या चुका टाळा

डिझाइन शिकणाऱ्यांच्या खोल्यांमध्ये एक गंमत हमखास दिसते. साइटचं मोजमाप घेतल्याशिवाय रेघ ओढायची नाही, हे वर्गात ज्यांच्या अंगवळणी पडलेलं असतं, तीच मंडळी घरासाठी आधी खरेदी करतात आणि मग ती वस्तू कुठे मावेल ते शोधत बसतात. हाताशी पैसे मोजकेच असले की ही उलटी चाल फार महागात पडते. खालच्या बहुतेक चुकांचं मूळ इथेच आहे.

मोजपट्टी हातात न घेता खरेदी

खोलीची लांबी-रुंदी सगळेच मोजतात. राहून जातं ते बाकीचं: दार कुठल्या बाजूला आणि किती उघडतं, खिडकीची चौकट जमिनीपासून किती वर आहे, प्लग पॉइंट नेमके कुठे आहेत, छताखालची तुळई किती खाली उतरते. जिन्याचं वळण आणि लिफ्टचं दारही मोजा. खोलीत बसणारा सोफा जिन्यात अडकला तर उपयोग काय?

आराखडा १:२० ला काढा. तीन बाय चार मीटरची खोली १५ बाय २० सेंटिमीटरमध्ये मावते, म्हणजे साधा ए-फोर कागद पुरतो. फर्निचरचे तुकडे त्याच मापात कापून सरकवून बघा. पटलं की खोलीत मास्किंग टेपने जमिनीवर खऱ्या मापाच्या चौकटी आखा आणि दोन-तीन दिवस त्या रेषा न ओलांडता वावरा. ये-जा करायच्या मुख्य वाटेला ७५ ते ९० सेंटिमीटर हवेत. सोफा आणि समोरच्या टेबलात ४० ते ४५ पुरतात. टेबलामागे खुर्ची सरकवून उठायचं असेल तर निदान ७५ सेंटिमीटर मोकळे सोडा.

सगळ्यात जास्त फसवतात त्या उघडणाऱ्या गोष्टी. पलंगाखाली ड्रॉवर आहेत म्हणून खुशीत पलंग घ्यायचा, मग त्याला खेटून छोटं टेबल ठेवायचं, आणि एक ड्रॉवर कायमचा बंद. कपाटाचं ४५ सेंटिमीटरचं दार पलंगाच्या कोपऱ्यावर आपटत राहतं आणि त्या जागी लॅमिनेटचा टवका उडतो. म्हणून आराखड्यात प्रत्येक दाराची आणि ड्रॉवरची उघडी स्थिती तुटक रेषेने दाखवा. ऑस्ट्रियन वास्तुरचनाकार मार्गारेटे श्युटे-लिहोत्स्की यांनी १९२६ मध्ये फ्रँकफर्टच्या घरांसाठी जेमतेम १.९ बाय ३.४ मीटरचं स्वयंपाकघर आखलं, तेव्हा कामातल्या हालचाली आणि वेळ मोजून मग ओटा-कपाटांच्या जागा ठरवल्या. शोभेचा विचार त्यानंतर.

लहान खोलीत सगळं लहान-लहान

हा समज फार चिवट आहे. चार छोटी स्टुलं, दोन छोटे रॅक, एक बुटका सोफा, एक इवलासा गालिचा: प्रत्येक वस्तू कमी जागा घेते, पण नजर वीस ठिकाणी अडखळते आणि खोली गोदामासारखी वाटते. त्यापेक्षा एकच ऐसपैस वस्तू घ्या आणि बाकीचं कमी करा. गालिचा घ्यायचाच तर सोफ्याचे निदान पुढचे पाय त्यावर टेकतील एवढा घ्या. मधोमध तरंगणारा तुकडा नको. एवढा मोठा परवडत नसेल तर गालिच्याशिवाय राहा. काही बिघडत नाही.

पायांवर उभं असलेलं, खालून जमीन दिसू देणारं फर्निचर हलकं वाटतं. मात्र त्या खालच्या मोकळ्या जागेत खोकी सारायला लागलात तर सगळा फायदा गेला.

छताला एकच दिवा, तोही पांढराफटक

पैसे थोडे असतील तर मी पहिला खर्च उजेडावर करायला सांगेन. चांगल्या उजेडात सामान्य फर्निचरही बरं दिसतं; वाईट उजेडात महागडी वस्तूही दीनवाणी वाटते.

केल्विन हे उजेडाच्या छटेचं माप: आकडा कमी तितका उजेड पिवळसर, जास्त तितका निळसर. छताच्या मधोमध ६५०० केल्विनचा निळसर पांढरा दिवा असला की कोपरे अंधारतात, चेहऱ्यांवर सावल्या पडतात आणि खोली असते त्याहून लहान भासते. उजेड तीन उंचींवर वाटून टाका: एक वरून, एक टेबलाच्या पातळीवर, एक खाली कोपऱ्यात किंवा भिंतीवर उजेड फेकणारा. बसण्या-झोपण्याच्या जागी २७०० ते ३००० केल्विन आणि कामाच्या टेबलावर ४००० च्या आसपास. बल्ब घेताना वॉटवर जाऊ नका, ल्युमेन बघा. वॉट म्हणजे वीज किती खाल्ली, ल्युमेन म्हणजे उजेड किती पडला. एकाच नजरेत दिसणारे दिवे एकाच केल्विनचे ठेवा. एक पिवळा आणि शेजारी एक निळसर असा जोड खोलीला दुरुस्ती चाललेल्या दुकानाची कळा आणतो.

डिझाइनच्या विद्यार्थ्यांची एक खास अडचण असते. घरी रात्री जुळवलेले कापड आणि रंगाचे नमुने सकाळी स्टुडिओत विजोड दिसतात. दोष डोळ्यांचा नसतो. दोन रंग एका उजेडात सारखे आणि दुसऱ्यात वेगळे दिसू शकतात; याला मेटामेरिझम म्हणतात. कामाच्या टेबलावरच्या बल्बचा सीआरआय, म्हणजे रंग किती खरे दाखवतो याचा शंभरपैकी आकडा, ९० किंवा जास्त असेल तर रंग अधिक खरे दिसतात. तरी शेवटचा निर्णय दिवसा, खिडकीपाशीच घ्या.

पांढरा रंग लावला की खोली मोठी होते?

होते, पण खोलीत उजेड येत असेल तर. अंधाऱ्या खोलीतला पांढरा राखाडी, मळकट दिसतो, कारण परावर्तित करायला उजेडच नसतो. अशा खोलीत थोडा उबदार मध्यम रंग जास्त शोभतो.

रंग ठरवायचा तर दुकानातल्या बोटभर चिठ्ठीवरून ठरवू नका. ए-थ्री कार्डावर दोन हात द्या, वाळू द्या, मग ते कार्ड सकाळ-संध्याकाळ वेगवेगळ्या भिंतींवर धरून बघा. कार्डाला पांढरी कड राहू देऊ नका. शेजारचा रंग मधल्या रंगाला बदलून दाखवतो. पॅरिसच्या गोब्लँ या चित्रपट विणण्याच्या कारखान्यात काळा रंग फिका येतो अशी तक्रार होती. शेव्रल या रसायनशास्त्रज्ञाने शोध घेतला तर रंगद्रव्य ठीक होतं, दोष शेजारच्या धाग्यांच्या रंगांचा निघाला. १८३९ मध्ये त्याने हे सविस्तर मांडलं. सोफ्याचं कापड छान असूनही भिंतीपाशी कळकट दिसत असेल तर आधी भिंतीकडे बघा.

घर भाड्याचं असेल आणि रंगवायची परवानगी नसेल तर एका भिंतीवर कापड ताणलेली मोठी चौकट टेकवून ठेवा. जाताना सोबत नेता येते.

स्वतः बनवण्याच्या हौसेचे घोटाळे

ही हौस मला आवडते. एन्झो मारी या इटालियन डिझायनरने १९७४ मध्ये फळ्या आणि खिळ्यांनी बनणाऱ्या फर्निचरचे आराखडे लोकांसाठी खुले केले, ते आजही बघण्यासारखे आहेत. पण हत्यारं, पॉलिश, सँडपेपर, वाया गेलेली फळी हे सगळं धरून हिशोब करा. कधीकधी जुनी तयार वस्तू निम्म्यात पडते.

माल वाहायचं लाकडी पॅलेट फर्निचरला वापरणार असाल तर त्यावरचा शिक्का वाचा. एच-टी म्हणजे उष्णतेने प्रक्रिया केलेलं. एम-बी म्हणजे मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेलं. ते घरात आणू नका. शिक्काच नसेल तरीही नको.

जुनं घेताना खालच्या कडा बघा. पार्टिकल बोर्डला पाणी लागलं की कड पावासारखी फुगते आणि ती पुन्हा बसत नाही. भरीव लाकूड मात्र खरवडून, घासून नवं करता येतं. गादी आणि गुबगुबीत खुर्च्यांच्या शिवणी टॉर्च लावून तपासा. बारीक काळे ठिपके दिसले तर ढेकूण असण्याची दाट शक्यता, वस्तू तिथेच सोडा.

पुस्तकांचं कपाट एका बाजूला कलतंय? बहुतेकदा मागचा पातळ पत्रा किंवा प्लाय निसटलेला असतो. तो निव्वळ झाकण वाटतो, पण कपाट काटकोनात धरून ठेवतो तोच. कपाट पालथं घाला, समोरासमोरच्या कोपऱ्यांमधली दोन्ही तिरकी अंतरं मोजा, ती सारखी येईपर्यंत ढकला आणि मग मागचा प्लाय जवळजवळ खिळ्यांनी ठोका. उंच कपाट भिंतीला अडकवायलाच हवं, लहान मुलं येत-जात असतील तर विशेष.

भिंतीवरचं सगळं रात्री धाडकन खाली

चिकटपट्टीवाले हुक पडतात ते बहुधा घाईमुळे. आधी भिंतीवर साधी सेलोटेप लावून ओढून बघा. टेपला पांढरी भुकटी आली तर त्या रंगावर काहीच टिकणार नाही. भुकटी नाही आली तर जागा आयसोप्रोपाइल अल्कोहोलने पुसा, वाळू द्या, पट्टी अर्धा मिनिट घट्ट दाबा आणि तासभर तरी वजन टांगू नका. नुकत्याच रंगवलेल्या किंवा खरबरीत भिंतीवर हा प्रयोगच नको.

चित्रं बहुतेक जण फार वर लावतात. चित्राचा मध्य जमिनीपासून १४५ ते १५० सेंटिमीटरवर ठेवा. सोफ्यावर लावत असाल तर पाठीपासून १५ ते २० सेंटिमीटर वर.

पडद्याचा दांडा नेमका खिडकीच्या मापाचा घेतला तर उघडलेला पडदाच निम्मा उजेड खातो. दोन्ही बाजूंना १५-२० सेंटिमीटर जास्त घ्या, छताजवळ लावा, कापड जमिनीला टेकू द्या. कापडाची रुंदी दांड्याच्या दीड ते दोनपट हवी. स्वस्त कापड भरपूर चुण्यांनी चांगलं दिसतं. महागडं कापड ताणून लावलं तर टॉवेल वाळत घातल्यासारखं.

आरसा लावण्याआधी त्याच्या जागी उभं राहून समोर काय दिसतं ते बघा. खिडकी असेल तर उत्तम. समोर कपड्यांचा ढीग असेल तर आता दोन ढीग झाले.

सगळं केलं, तरी खोली भरल्यासारखी वाटते

दारात उभं राहून मोबाइलने एक फोटो काढा आणि तो कृष्णधवल करा. रंग निघून गेले की कुठे जास्त गर्दी आहे, कुठला कोपरा काळा पडलाय, कुठली वस्तू उगाच लक्ष वेधते हे लगेच कळतं. उघड्या रॅकवरचं निम्मं सामान दिसलं नाही तरी चालेल असं असतं. ते झाकणाच्या डब्यांत जाऊ द्या. फोटो वाइड लेन्सने काढू नका, ती जागा खोटी मोठी दाखवते. हीच खोली पोर्टफोलिओत घालायची असेल तर कॅमेरा साधारण ११० ते १२० सेंटिमीटर उंचीवर धरा, दाराच्या उभ्या कडा फोटोतही उभ्याच राहतील याची काळजी घ्या आणि छतावरचा दिवा बंद करून दिवसा काढा.