दुर्बिणीसमोर बसायचं कसं: आधी टेप, मग खुर्ची

दुर्बीण घेताना सगळे आरशाचा व्यास विचारतात. बसायचं कशावर, हे कोणी विचारत नाही. मग अंगणात प्लास्टिकची खुर्ची येते आणि दहा मिनिटांत मान धरते. वाकून उभं राहिलं की डोकं डुलतं आणि गुरूचे दोन ठळक पट्टे सोडून काही हाती लागत नाही. बसून डोळा स्थिर झाला की त्याच नेत्रिकेतून, म्हणजे डोळा लावायच्या भिंगातून, बारकावे उमटू लागतात.

आधी टेप घ्या. 6 इंची, 1200 मिमी नाभीय अंतराची डॉब्सोनियन, म्हणजे जमिनीवरच्या फिरत्या लाकडी बैठ्या तळावर टेकणारी आरशाची दुर्बीण, धरून चालू. जानेवारीच्या मध्यात रात्री साडेदहाला मृगातला तेजोमेघ गोव्यातून साधारण 69 अंशांवर असतो, तेव्हा नेत्रिका जमिनीपासून सुमारे 110 सेंमीवर येते. मेच्या मध्यात त्याच वेळी ओमेगा सेंटॉरी हा तारकागुच्छ दक्षिणेला 27 अंशांवर असतो आणि नेत्रिका 80 सेंमीच्या आसपास उतरते. किंचित पुढे झुकून बसलेल्याचा डोळा बैठकीच्या वर 65 ते 70 सेंमी असतो. करा वजाबाकी: मृगासाठी 40-45 सेंमीची बैठक, ओमेगासाठी जेमतेम 10-15. ती झाली आदोळीवर (विळीवर) बसायची उंची.

म्हणून खुर्चीच्या आधी दुर्बीण उचला. तळाच्या तीन पायांखाली चिऱ्यांचे तीन ढीग, प्रत्येकी सुमारे 30 सेंमी, वर जुन्या टायरचा तुकडा. चिरा डगमगत असेल तर खाली माती दाबून बसवा. लाकडी पाचर ठोकू नका, दवाने भिजून ती सरकते. आता बैठक 40 ते 75 सेंमी अशी हलती हवी.

तशी खुर्ची कुठलाही मेस्त (सुतार) एका दिवसात करतो. मटीची (ऐनाची) किंवा फणसाची फळी: 110 सेंमी लांब, 14 सेंमी रुंद, 4 सेंमी जाड. ती थोडी मागे कललेली, वर बिजागरीने मागचा पाय जोडलेला, पाय फाकू नयेत म्हणून साखळी. दोन्हींच्या तळाशी 50 सेंमीची आडवी पट्टी घाला, नाहीतर खुर्ची कुशीवर कलंडते. 18 मिमी प्लायच्या 30 बाय 35 सेंमी बैठकीला खाली दोन बाजूंना 25 सेंमी उंचीचे कान. त्यांतून दोन बोल्ट आरपार: वरचा फळीच्या मागून, खालचा फळीच्या पुढून. वजन पडलं की बैठक फळीत अडकते, पुढची कड उचलली की सरकते. चूक हमखास होते ती वॉर्निशची. गुळगुळीत फळीवरून बैठक घसरते. फळीच्या दोन्ही अंगांना सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या चिकटवा. बोल्ट आणि फळी यांत 3 मिमी मोकळीक ठेवा, कारण पावसात लाकूड फुगतं.

भिंगाच्या दुर्बिणीचं गणित उलटं. ती जितकी वर रोखाल तितकी नेत्रिका खाली येते. काटकोनी आरसा लावा आणि तिपाईचे पाय बेताचेच उघडा. विषुववृत्तीय माउंटच्या, म्हणजे ज्याचा अक्ष ध्रुवाकडे रोखावा लागतो अशा स्टँडच्या, नादी घरच्या अंगणात लागू नये. ध्रुव इथे जेमतेम 15 अंशांवर, म्हणजे बहुतेक ठिकाणी माडांच्या आड.

जागा चिरेबंदी भिंतीपासून आणि सिमेंटच्या गच्चीपासून लांब निवडा. दिवसभर तापलेला दगड मध्यरात्रीपर्यंत ऊब सोडतो आणि ग्रह उकळत्या पाण्यात पाहिल्यासारखे दिसतात. बलकांवातल्या (घरासमोरच्या ओसरीतल्या) सोप्यावर, म्हणजे बांधीव बाकावर, बसायचा मोह होईल, पण वर छप्पर असतं. डासांची कॉईल पायाशी, वाऱ्याच्या खालच्या अंगाला ठेवा. धूर नळीसमोरून गेला तर चित्र मळतं. डास पळवायचं मलम लावलेल्या बोटांनी नेत्रिकेला हात नको, त्यातल्या काही रसायनांनी प्लास्टिक विरघळतं.

थंडीत दव आधी नेत्रिकेवर आणि नळीवरच्या छोट्या शोधक दुर्बिणीवर बसतं. सुटी नेत्रिका खिशात ठेवा. नळीच्या तोंडाला योगा मॅटचा तुकडा गुंडाळून व्यासाच्या दीडपट लांब पुढे काढा. ओली काच पुसू नका आणि झाकणही लावू नका; घरात पंख्याखाली सुकू द्या, मगच बंद करा. आषाढ-श्रावणात नेत्रिका हवाबंद डब्यात, सोबत सिलिका जेल. रंग बदलला की कढईत मंद आचेवर परतून कोरडं करा, नाहीतर दसऱ्याला डबा उघडाल तेव्हा काचेवर बुरशीची जाळी असेल.