आधी जेलचा ताठरपणा मोजा, मग पेशी टाका

धमन्यांच्या पेशींवर काम करायला कोणी नवीन आलं, की मी पहिल्याच दिवशी सांगते: तुमची प्लॅस्टिकची डिश धमनीच्या अस्तरापेक्षा लाखो पट कडक आहे. पॉलिस्टायरीनचा ताठरपणा गिगापास्कलमध्ये मोजतात, अस्तराखालच्या थराचा किलोपास्कलमध्ये. डिशमध्ये वाढलेली पेशी जे वागते, ते शरीरात वागेलच असं नाही.

वय वाढतं तसे धमनीच्या भिंतीतले इलास्टिनचे लवचीक तंतू तुटतात, ताठर कोलॅजन वाढतं, साखरेमुळे त्याचे तंतू एकमेकांना जखडले जातात. अस्तराच्या एंडोथेलियल पेशींना हे कळतं, कारण त्या खालचा पाया सतत ओढून बघत असतात. पाया हलला नाही की आणखी जोर लावतात. आत ॲक्टिन या प्रथिनाचे जाड दोर तयार होतात, पेशी आवळते आणि शेजारच्या पेशीशी असलेली पकड सैल पडते. त्या फटीतून एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, झिरपतं, पांढऱ्या पेशी शिरतात. अमेरिकेतल्या जैवअभियंत्या सिंथिया राइनहार्ट-किंग यांच्या गटाने २०११ मध्ये हेच दाखवलं. ही ओढ ज्या रो-किनेज विकराच्या जोरावर चालते तो रोखला, की गळती कमी होते. मला हा निष्कर्ष फार मोलाचा वाटतो. धमनीकाठिण्य म्हणजे नुसतं कोलेस्टेरॉल नव्हे, हे त्यातून नीट कळतं.

आता हाताचं काम. कडक डिशऐवजी आपण पेशी हव्या तितक्या मऊ किंवा कडक जेलवर वाढवतो. पॉलीॲक्रिलामाइड जेलमध्ये साखळ्या एकमेकींना जोडणाऱ्या बिस-ॲक्रिलामाइडचं प्रमाण बदललं की ताठरपणा बदलतो. पण कागदावरच्या कृतीवर विसंबू नका. जेल बफरमध्ये फुगतं, म्हणून फुगल्यावरच एएफएमने (बारीक टोकाने दाबून ताठरपणा मोजणाऱ्या सूक्ष्मदर्शकाने) मोजा. थर फार पातळ झाला तर पेशींना खालची काचच जाणवते. आणि न जुळलेलं ॲक्रिलामाइड मज्जासंस्थेला घातक असतं. ग्लोव्ह्ज घाला, जेल भरपूर धुवा.

माझे तीन महिने गेले ते पेशींना धरायला जेलवर कोलॅजन चिकटवण्यात. मऊ जेलवर पेशी गोल होऊन सुटत होत्या. मला वाटलं, मऊपणाचाच परिणाम. गाईडना आलेखही दाखवला. त्यांनी एवढंच विचारलं, "अगं, खाली कोलॅजन आहे का ते पाहिलंस?" कोलॅजन असेल तिथे हिरवी चमकणारी अँटिबॉडी लावून पाहिलं तर मऊ जेल जवळजवळ काळं, कडक जेलवर हिरवा थर. कोलॅजन जेलला जोडणारं रसायन, सल्फो-सॅनपाह, मी सकाळी पाण्यात विरघळवून ठेवत होते आणि मऊ जेलचा नंबर लागायचा दुपारी. पाण्यात ते लवकर निकामी होतं. आता विरघळवलं की लगेच ओतते, यूव्हीखाली नारिंगी रंग तपकिरी होईपर्यंत समोरून हलत नाही. आणि पेशी टाकण्याआधी प्रत्येक खेपेला एक जेल फक्त कोलॅजन तपासायला बाजूला काढते.

पेशी दाट भरू द्या. विरळ असताना फटी मोजण्यात अर्थ नाही. तिसऱ्या दिवशी व्हीई-कॅडहेरिन (शेजारच्या पेशींना एकमेकींशी जोडणारं प्रथिन) रंगवून पाहा: मऊ जेलवर सलग, बारीक कड, कडक जेलवर तीच कड दातेरी, मधे काळे ठिपके. पहिल्यांदा दिसलं तेव्हा मी रात्री नऊपर्यंत मायक्रोस्कोपसमोरून उठले नव्हते.