नव्या एअर रायफलची सफाई आणि साइट बदलण्याची रीत

नवी स्प्रिंगची एअर रायफल घरी आली की पहिला मोह चांगली साइट, म्हणजे नेम धरायचे साधन, विकत घेण्याचा होतो. मीही तेच केले होते. नागपूरच्या महाल भागातील आमच्या जुन्या वाड्याच्या बोळात भिंतीपासून भिंतीपर्यंत नेमके दहा मीटर मिळतात. तिथे दहा दिवस मी नव्या पीप साइटची (बारीक छिद्रातून पाहायच्या मागच्या साइटची) बटणे उजवी-डावी फिरवत बसलो, तरी पाच छर्रे एका रुपयाच्या नाण्याखाली झाकले जातील असा ग्रुप, म्हणजे भोकांचा पुंजका, काही पडेना. शेजारचे काका एम्प्रेस मिलमध्ये फिटर होते. त्यांनी रायफल हातात घेतली, कान कोरायची कापसाची काडी नळीच्या तोंडाच्या कडेवरून गोल फिरवली आणि एकाच जागी अडकलेले कापसाचे तंतू मला दाखवले. म्हणाले, “पयले हिचं तोंड पाय, मंग डोये लाव.” त्या दिवसापासून मी कामाचा क्रम तोच ठेवला आहे.

आधी कायद्याचे बोलू. शस्त्र नियम 2016 नुसार 4.5 मिलिमीटरपर्यंतच्या नळीच्या आणि 20 ज्यूलपर्यंत ऊर्जा असलेल्या एअरगनला परवाना लागत नाही. अर्ध्या ग्रॅमहून किंचित जड, म्हणजे 0.53 ग्रॅमचा छर्रा सेकंदाला 170 मीटर वेगाने सुटला तर त्याची ऊर्जा जेमतेम पावणेआठ ज्यूल भरते, त्यामुळे दहा मीटरच्या नेमबाजीसाठी या मर्यादेत भरपूर जागा आहे. जास्त जोराची स्प्रिंग बसवून ती मर्यादा ओलांडू नये. परवान्याच्या रिव्हॉल्व्हरची गोष्ट वेगळी आहे. 1959च्या शस्त्र अधिनियमात बंदुकीची दुरुस्ती आणि फेरबदल यांनाही परवाना लागतो, म्हणून तिच्यावर घरी कानस न चालवता ती परवानाधारक कारागिराकडेच न्यावी. शिवाय वन्यजीव संरक्षण कायदा 1972 नुसार एअरगननेही वन्य पक्षी मारणे हा गुन्हाच आहे.

तपासणी आणि स्क्रू

रायफल रिकामी आहे आणि स्प्रिंग ताणलेली नाही याची खात्री करून ती उजेडात आडवी धरावी. ही रायफल जोडावर नळी मोडून, म्हणजे खाली वाकवून ताणतात. स्प्रिंग ताणलेली असताना नळी आणि सिलिंडर यांच्या फटीत बोट कधीही घालू नये. छर्रा भरतानाही दुसऱ्या हाताने नळी घट्ट धरून ठेवावी, कारण खटका निसटला तर नळी जोरात मिटते आणि बोट सापडते. छर्रा न घालता ट्रिगर ओढण्याची सवयही लावून घेऊ नये. पुढे हवेचा अडसर नसला की पिस्टन सरळ धातूवर आदळतो आणि सील फाटते.

लाकडी दस्त्याचे स्क्रू कारखान्यातून अनेकदा सैल येतात. माझ्या रायफलचा पुढचा एक स्क्रू अर्धा आटा सैल निघाला होता, आणि तेवढ्यानेही ग्रुप विस्कटतो, कारण स्प्रिंगच्या रायफलला मागे आणि लगेच पुढे असे दोन झटके बसतात. खाचेत नीट बसणारा स्क्रूड्रायव्हर घेऊन स्क्रू काढावेत, आटे पुसावेत, निळ्या थ्रेडलॉकरचा (आटे सैल होऊ न देणाऱ्या चिकट द्रवाचा) एक थेंब लावावा आणि ते पुन्हा घट्ट बसवावेत. मात्र लाकूड चेपेल इतका जोर लावू नये.

नळी आतून पुसणे

नव्या नळीत गंज लागू नये म्हणून भरलेले तेल आणि कारखान्यातील काळा गाळ असतो. गवत कापण्याच्या यंत्राची जाड नायलॉन दोरी दुहेरी करून नळीत घालावी, तिच्या फासात सुती कापडाची चिंधी अडकवावी आणि मागून तोंडाकडे ओढावी. चिंधी कोरी निघेपर्यंत हे पुन्हा पुन्हा करावे. पितळी ब्रश वापरू नये. त्याची गरजही पडत नाही. सिलिंडरमध्ये मशीनचे तेल मुळीच सोडू नये. दाबाने तापलेल्या हवेत तेलाचा भडका उडतो, डिझेल इंजिनसारखा आवाज येतो, धूर निघतो आणि सील खराब होते. नव्या रायफलमधून सुरुवातीला थोडा धूर येणे स्वाभाविक आहे. काहीशे छर्रे झाल्यावर तो थांबतो, आणि तोपर्यंत साइटचे अंतिम माप ठरवू नये.

नागपूरकरांनी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो. अशा वेळी पत्र्याच्या खोलीत किंवा बंद गाडीत रायफल राहिली तर आतील ग्रीस पातळ होऊन पिस्टनपुढे येते, आणि संपलेला धूर पुन्हा सुरू होतो.

धारदार कडा आणि नळीचे तोंड

ट्रिगर गार्ड, साइटची खाच आणि नळी मोडण्याच्या जोडाजवळील कडा यांवर मशिनिंगची बर, म्हणजे धातूची धारदार खरखर, राहिलेली असते. बोट फिरवले की ती कचकन लागते. इतवारीच्या लोहा ओळीत बारीक कानसांचा संच सहज मिळतो. कानस एकाच दिशेने, हलक्या हाताने दोन-चारदा फिरवावी, मग 400 आणि 600 नंबरचा पॉलिश पेपर तेलात भिजवून लावावा. उघड्या पडलेल्या पोलादाला तेलाचे बोट लावावे, नाहीतर पहिल्याच पावसाळ्यात तांबूस डाग दिसतील. ट्रिगरच्या आतील खटक्याला मात्र कानस लावू नये. तिथे केसभर चूक झाली तरी रायफल हादऱ्याने सुटू शकते. स्प्रिंग खोलणेही घरी टाळावे. ती दाबाखाली बसवलेली असते आणि निसटली तर इजा होते.

नळीच्या तोंडाची कड हा भाग सर्वात नाजूक असतो. छर्रा बाहेर पडताना मागची हवा सगळ्या बाजूंनी सारखी सुटली नाही तर तो तिरका ढकलला जातो. कापसाची काडी कुठेही अडकली तर पुढील उपाय करावा. ग्रीस लावलेला कापसाचा छोटा बोळा नळीत एक इंच आत बसवावा. गोल डोक्याचा पितळी स्क्रू हाताने फिरवायच्या ड्रिलमध्ये पकडावा, त्याच्या डोक्याला मोटारीच्या सुट्या भागांच्या दुकानात मिळणारी व्हॉल्व्ह ग्राइंडिंग पेस्ट लावावी आणि ड्रिल डोलवत सावकाश फिरवावे. दर अर्ध्या मिनिटाला पुसून पाहावे. कडेवर सगळीकडे सारख्या रुंदीची चकचकीत रेघ उमटली की थांबावे. मग मागून चिंधी घालून बोळा आणि पेस्ट तोंडातून बाहेर काढावी. माझे हे काम तीन मिनिटांत झाले आणि त्याच संध्याकाळी ग्रुप जवळजवळ निम्मा झाला.

जोडातील रबरी सील तपासायला टिश्यू पेपरची पट्टी जोडावर ठेवून एक छर्रा मारावा. पट्टी उडाली तर हवा गळते, सील बदलावे.

आता साइट

पुढच्या साइटला जुने लोक माशी म्हणतात. ती तिरपी बसली आहे का, हे आधी लंब सोडून पाहावे. मग मऊ आधारावर हात टेकवून, रायफल सैल धरून दहा छर्रे मारावेत. मागे जाड लाकूड आणि त्यामागे लोखंडी पत्रा असावा, चष्मा घालावा, आणि छर्रे शिशाचे असल्याने नंतर हात साबणाने धुवावेत.

मागची साइट छर्रा ज्या दिशेला न्यायचा त्याच दिशेला सरकवतात, पुढची मात्र उलट दिशेला. दहा मीटरवर ग्रुप 40 मिलिमीटर खाली पडतो आणि दोन साइटमधील अंतर 450 मिलिमीटर आहे असे समजू. 40 गुणिले 450 भागिले 10,000 (दहा मीटरचे मिलिमीटर), म्हणजे साइट 1.8 मिलिमीटर हलवावी लागते. मागची साइट तेवढी वर जात नसेल तरच माशी घासावी, तीही 1.8 ऐवजी दीडच मिलिमीटर, आणि उरलेले मागच्या साइटवर घ्यावे. घासलेले पोलाद परत येत नाही.

पीप साइट घेताना सिलिंडरवरील डव्हटेलची (साइट बसवायच्या तिरप्या खाचांच्या पट्टीची) रुंदी कॅलिपरने मोजावी. ती बहुधा 11 मिलिमीटर असते. झटक्याने साइट मागे सरकते, म्हणून थांबवणारी पिन असलेलीच घ्यावी. तिच्या बारीक छिद्रामुळे माशी आणि लक्ष्य दोन्ही एकाच वेळी स्पष्ट दिसतात, आणि चाळिशी लागलेल्या डोळ्यांना हा फरक विशेष जाणवतो. पुढे टोकाऐवजी गोल कडी बसवावी. दहा मीटरच्या रायफल लक्ष्याचा काळा गोल 30.5 मिलिमीटरचा असतो. त्याच्याभोवती पांढरी पट्टी स्पष्ट दिसेल एवढी मोठी कडी निवडावी, कारण घट्ट कडीत गोल मध्यावर नाही हे डोळ्याला कळतच नाही. पीप साइट लावली म्हणजे ओपन साइटच्या स्पर्धेत ती रायफल चालणार नाही, हेही आधीच ठरवून घ्यावे.

सगळे जुळले की प्रत्येक स्क्रूवर नेलपॉलिशची बारीक रेघ ओढावी, अर्धी डोक्यावर आणि अर्धी बाजूच्या धातूवर. दर रविवारी एक नजर टाकली की कोणता स्क्रू फिरला ते लगेच दिसते.