मांजराचं नवीन पिल्लू आणलंय? जुन्या मांजरीला वेळ द्या
पिल्लू घरी आणलं की लगेच जुन्या मांजरीसमोर नेऊन ठेवू नका प्लीज, आधी वेटला (प्राण्यांच्या डॉक्टरला) दाखवा आणि मग वेगळ्या खोलीत ठेवा, खाणं-पाणी, लिटर बॉक्स (शी-शूचा ट्रे) सगळं तिथेच. मांजरं वासावरून ओळखतात, म्हणून पिल्लाच्या अंगावरून फिरवलेलं फडकं मोठीच्या झोपायच्या जागी ठेवा आणि तिचं पिल्लाकडे, मग बंद दाराच्या दोन्ही बाजूंना दोघांना एकाच वेळी खायला द्या, म्हणजे हा वास आला की काहीतरी छान मिळतं हे डोक्यात बसतं. फिस्कारली तर ओरडू नका हां, घाबरलेली असते बिचारी. दोघं निवांत खायला लागले की दार थोडंसं उघडा, तेही तुम्ही समोर असतानाच. लिटर बॉक्स शक्यतो ३ ठेवा, मांजरांपेक्षा एक जास्त. आणि लाड आधी मोठीचे.